व्हरांड्यातून दिसलेले अरण्य

मराठीत अरण्याविषयी जे लेखन झाले, त्याचा मोठा भाग एका ठराविक इमारतीच्या आश्रयाने झाला. आणि त्या इमारतीकडे आपल्या समीक्षेने क्वचितच पाहिले. वनखात्याचा बंगला, रेस्ट हाउस, विश्रामगृह, रेंज ऑफिस, नाका अशी तिची नावे. हुद्द्याप्रमाणे आकार लहानमोठा होतो, घडण मात्र बहुधा एकच असते. जाड भिंती, उतरते कौलारू छप्पर, सागवानी खांब, पुढे प्रशस्त व्हरांडा, मागे थोडे हटून स्वयंपाकघर आणि त्याच्याही मागे चौकीदाराची खोली. अरण्यवर्णनांत व्हरांडा हमखास येतो. तेथे खुर्ची असते, कंदील असतो, चहा असतो, समोर अंधारात काहीतरी हललेले असते. चौकीदाराची खोली फारशी येत नाही.

हा विचार आमच्या डोक्यात एका विद्यार्थ्याने घातला. आम्ही दोघे परभणी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. त्या दिवशी तासाला मारुती चितमपल्ली यांचे ललितगद्य चालले होते. संवेदनशीलता, निसर्गाशी तादात्म्य, चित्रमय शैली अशी ठरलेल्या मुद्द्यांची पायवाट तुडवत असताना मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, हे जंगलात राहायचे कुठं? अन् सैपाक कोण करायचं?" वर्ग हसला. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. कादंबरी शिकवताना निवेदक कोठे उभा आहे यावर आपण पानेच्या पाने खर्च करतो. ललितगद्याच्या लेखकाला मात्र जणू अधांतरी बसवून ठेवतो. त्याच्या पाठीला भिंत आहे, डोक्यावर छप्पर आहे आणि ते छप्पर सरकारचे आहे, हे आपण विचारात घेत नाही.

परभणीच्या मुलाला हा प्रश्न पडावा, हेही साहजिकच. राज्यातल्या सर्वांत कमी वनाच्छादन असलेल्या जिल्ह्यांत आमचा जिल्हा मोडतो. काळी, कसदार, तळाशी चिकटून बसणारी जमीन. कापूस, सोयाबीन, ज्वारी. डोंगर म्हणावे असे काही पाहायचे तर जिंतूरकडे जायचे. येलदरीच्या बाजूला खुरटी झाडी लागते, पावसाळ्यात ती बरी दिसते, फाल्गुनात उघडी पडते. आमच्या विद्यार्थ्याला वाघ पुस्तकात भेटतो, आणि सरकार म्हटले की त्याच्या डोळ्यांपुढे येते ते तलाठ्याचे कार्यालय. जंगलात सरकार कोणत्या रूपाने उभे राहते, हे त्याने पाहिलेले नसते.

तशी जंगलाची आणि आमची नाळ अगदीच तुटलेली नाही. १८५३ पर्यंत वऱ्हाड आणि मराठवाडा एकाच निजामाच्या राज्यात होते. मेळघाटातले चिखलदरा १८२३ मध्ये कॅप्टन रॉबिन्सन या हैदराबादच्या फौजेतल्या अधिकाऱ्याने गोऱ्या साहेबांच्या नकाशावर आणले. पुढे फौजेच्या खर्चाची थकबाकी वाढत गेली आणि १८५३ च्या तहाने वऱ्हाड कंपनीच्या कारभाराखाली गेले; परभणी मात्र १९४८ पर्यंत निजामाकडेच राहिली. कर्जाच्या त्या हिशेबाने दोन मुलुखांची जंगले दोन वेगवेगळ्या दफ्तरांत गेली. बी. रघुनाथ यांनी निजामी राजवटीच्या बांधकाम खात्यात कारकुनी केली, हे आपण त्यांच्या चरित्रातला एक करुण तपशील म्हणून वाचतो. पण सरकारी बंगल्यांच्या कौलांचे आणि चुन्याचे हिशेब ज्या टेबलांवरून फिरत, त्यांपैकी एका टेबलापाशी आमच्या भागातला हा श्रेष्ठ कवी-कादंबरीकार बसलेला होता, हे या निमित्ताने नोंदवून ठेवावेसे वाटते.

वनखात्याचा असा पहिला-वहिला बंगला पाहायचा तर पचमढीला जावे लागते. पचमढी आज मध्य प्रदेशात असली, तरी १९५६ पर्यंत ती नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातच होती, म्हणून तिला परकी मानण्याचे कारण नाही. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षाच्या आरंभी कॅप्टन जेम्स फॉर्सिथ या तरुण अधिकाऱ्याला सातपुड्याची जंगले पाहून यायला पाठवण्यात आले. पठारावर त्याने एक घर उभारले. सामान तेथलेच, हातही तेथल्याच गोंड-कोरकूंचे. रानगव्यावरून त्या घराचे नाव पडले 'बायसन लॉज'. ते घर अजून उभे आहे; तेथे आता वनखात्याचे संग्रहालय आहे. फॉर्सिथचा मध्य भारताच्या डोंगराळ मुलुखावरचा ग्रंथ १८७१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी तो वारला. वय जेमतेम तेहतीस. इंग्रजी शिकारकथांच्या आणि अरण्यवर्णनांच्या पुढच्या कित्येक पिढ्या या पुस्तकावर पोसल्या गेल्या.

हे घर कोणत्या क्षणी उभे राहिले, तेही पाहावे. सत्तावनच्या धामधुमीत तात्या टोपे यांना आश्रय देणारा कोरकू जहागीरदार भभूतसिंग याच डोंगरांत इंग्रजांशी लढला होता. त्याला पकडून मारल्याला दोन-अडीच वर्षे झाली नाहीत, तोच त्याच डोंगरावर जंगल मोजायला आलेल्या साहेबाचे घर बांधले गेले. घर दिसायला साधे, रानाशी मिळून जाणारे. रानातल्या माणसाला मात्र त्याचा अर्थ लगेच कळला असणार. आजवर ज्याची मालकी कोणी विचारली नव्हती, त्या झाडाला आता मालक आला होता आणि त्याने मुक्कामाची सोय केली होती. १८६४ मध्ये वनखाते, १८६५ मध्ये पहिला वनकायदा, १८७८ मध्ये दुसरा आणि अधिक कडक. मेळघाटातली बैरागड व गुगामलची जंगले १८६६ च्या सुमारास राखीव झाली. घर आधी आले, कायदा मागाहून आला.

या इमारतींची साधेपणाची शैली हा आमच्या कुतूहलाचा विषय आहे. अमेरिकेतही याच काळाच्या पुढेमागे जंगलात ओंडक्यांची राखणघरे उभी राहिली. मोन्टाना प्रांतातले आल्टाचे लाकडी घर १८९९ चे, आणि ते दोघा राखणदारांनी स्वतःच्या हातांनी रचलेले. पुढे तेथल्या राष्ट्रीय उद्यानांच्या खात्याने हा रानवटपणा ठरवून जोपासला. खडबडीत दगड, न तासलेले ओंडके, इमारत डोंगरातून उगवल्यासारखी दिसावी असा आग्रह. आपल्याकडे असा सौंदर्याचा आग्रह कोणी धरला असेल असे वाटत नाही. रेल्वे कित्येक मैल दूर, रस्ता बैलगाडीचा. तेव्हा दगड ओढ्यातला, लाकूड तोडीतले, कौल जवळच्या कुंभाराचे. अधिकारी घोड्यावरून दौरा करी, म्हणून एका दिवसाच्या मजलेवर एक बंगला. उष्म्यासाठी भिंत जाड आणि छप्पर उंच, पावसासाठी व्हरांडा खोल. स्वयंपाकघर निराळे ठेवण्यामागे धूर आणि आगीचे भय होतेच. शिवाय कोणाचा वावर कोठपर्यंत, याचाही हिशेब होता. अशी ही निकडीतून आलेली घडण आज आपल्याला काव्यमय वाटते. जुन्या लाकडाला काळाने दिलेली ती सवलत आहे.

आता साहित्याकडे येऊ. व्यंकटेश माडगूळकरांनी 'नागझिरा' लिहिले ते त्या जंगलात मुक्काम ठोकून. पाहुणा म्हणून आलेला, हातात वही घेतलेला, दिसेल ते टिपणारा माणूस अशी त्यांची तेथली भूमिका आहे, आणि ती त्यांनी प्रामाणिकपणे पाळली आहे. पुढे किरण पुरंदरे यांनी त्याच नागझिऱ्यात चारशे दिवस काढले आणि 'सखा नागझिरा' लिहिले. नागझिऱ्याच्या तळ्याकाठच्या विश्रामगृहात कित्येक वर्षे वीज नव्हती. कंदिलाच्या उजेडाचे वर्तुळ जेवढे, तेवढेच जग. त्यापलीकडचे कानांनी वाचायचे. या लेखनाची लय त्या उजेडाने घडवली आहे, असे आमचे मत आहे. आखूड वाक्ये, थांबे, ऐकण्याला दिलेली जागा. दिव्याखाली लिहिलेला मराठी निबंध आणि कंदिलाखाली लिहिलेला मराठी निबंध यांची वाक्यरचना कोणी ताडून पाहावी, एम.फिल.चा एक बरा विषय होईल. (हल्ली एम.फिल. राहिलेली नाही, ही गोष्ट वेगळी.)

चितमपल्लींचे प्रकरण निराळे आहे. ते पाहुणे नव्हते. सोलापुरात १९३२ मध्ये जन्मलेला हा माणूस कोइमतूरच्या वन महाविद्यालयात शिकून वनखात्यात आला आणि साडेतीन दशके नोकरी करून १९९० मध्ये निवृत्त झाला. म्हणजे बंगला हे त्यांचे कामाचे ठिकाण. व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसण्याचा अधिकार त्यांना पदाने मिळालेला. लाकूडचोराला पकडणारे खाते हेच, मोळीवाल्या बाईला अडवणारे खाते हेच, आणि 'पक्षी जाय दिगंतरा' लिहिणारा लेखक त्याच खात्याच्या गणवेशातला. चितमपल्लींच्या गौरवपर लेखांत या पेचाचा उल्लेख बहुधा टाळलेला असतो. २००६ च्या सोलापूर संमेलनाचे अध्यक्षपद, २०२५ मधली पद्मश्री आणि त्याच वर्षी जूनमध्ये त्यांचे निधन, या प्रत्येक वेळी 'अरण्यऋषी' हा एकच शब्द फिरत राहिला. ऋषी म्हटले की गणवेश दिसेनासा होतो.

पण त्यांचे लेखन नीट वाचले तर त्यात एक हालचाल दिसते, आणि ती आम्हांला त्यांच्या शैलीपेक्षा मोलाची वाटते. हा अधिकारी व्हरांड्याच्या पायऱ्या उतरतो. नवेगावबांधचे माधवराव पाटील डोंगरवार हे त्यांचे तेथले वाटाडे आणि गुरू. तेथला तलाव मुळात कोहळी समाजातल्या कोलू पाटलांनी बांधला, असे परंपरा सांगते; म्हणजे वनखाते यायच्या कितीतरी आधी त्या पाण्याचा आणि रानाचा सांभाळ करणारी माणसे तेथे होती, आणि माधवराव त्या परंपरेतले. त्यांच्याकडून, ढिवरांकडून, गोंडांकडून, पारध्यांकडून चितमपल्लींनी पक्ष्यांची, माशांची, झाडांची नावे गोळा केली. त्यांचा 'पक्षीकोश' म्हणजे या ऐकण्याचा हिशेब आहे. बगळ्या-करकोच्यांच्या वसाहतीला 'सारंगागार', कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार' असे संस्कृत वळणाचे शब्द त्यांनी रुजवले. पण त्यांच्या भांडाराचा मोठा हिस्सा अशा माणसांच्या तोंडचा आहे, ज्यांना बंगल्याच्या पायरीशी उभे राहूनच साहेबाशी बोलावे लागे. मराठीला या इमारतीने जे दिले, ते व्हरांड्यातल्या खुर्चीपेक्षा त्या पायरीवर अधिक घडले आहे.

असे असूनही नाव सांगणारा आणि नाव लिहून घेणारा यांच्यात अंतर उरतेच. हे अंतर ज्याने कथेच्या मध्यभागी ठेवले, असा भारतीय लेखक म्हणून आम्हांला विभूतिभूषण बंद्योपाध्याय आठवतात. त्यांच्या 'आरण्यक'मधला सत्यचरण हा कोलकात्याचा बेकार पदवीधर, जमीनदारीचा व्यवस्थापक होऊन बिहारच्या रानात जातो. गवती छपराच्या कचेरीत बसून तो अरण्याच्या प्रेमात पडतो, आणि त्याच कचेरीत बसून त्याच अरण्याचे तुकडे कुळांना लावून देतो. नोकरीच तशी असते. युगलप्रसाद नावाचा एक वेडा माणूस जंगलात कुठून कुठून फुलझाडे आणून लावतो, सत्यचरण त्याला मदत करतो, आणि तरीही शेवटी जंगल जाते. इथे प्रेम आणि हुकूम एकाच टेबलावर आहेत, आणि लेखक त्यांतले एकही झाकत नाही. मराठी अरण्यलेखनात प्रेम उदंड आहे. टेबल मात्र आडोशाला ठेवलेले असते.

दुसरे उदाहरण चित्रपटाचे. सत्यजित राय यांचा 'अरण्येर दिनरात्रि' (१९७०) हा सुनील गंगोपाध्याय यांच्या कादंबरीवर आधारलेला. चौघे शहरी मित्र पलामूच्या जंगलातल्या विश्रामगृहात आरक्षण नसताना घुसतात, चौकीदाराच्या हातात पैसे कोंबून. चित्रण झाले ते केचकीच्या खऱ्याखुऱ्या वन-विश्रामगृहात. चौकीदार काकुळतीला येऊन सांगत असतो की वरून कोणी आले तर आपली नोकरी जाईल. ते हसण्यावारी नेतात. पुढे एका दृश्यात नायिका नायकाला चौकीदाराच्या खोलीच्या खिडकीशी नेते. आत त्याची बायको आजारी पडलेली असते. इतके दिवस तेथे राहूनही याला ते ठाऊक नसते. व्हरांडा आणि मागची खोली यांतले वीस-पंचवीस पावलांचे अंतर कॅमेऱ्याने असे एकदाच ओलांडले आहे, आणि तेवढे पुरते. आमच्या मागच्या बाकावरच्या विद्यार्थ्याला हा चित्रपट दाखवला पाहिजे, असे आम्हांला फार वाटते. महाविद्यालयाचा प्रोजेक्टर तेवढा चालला पाहिजे.

मेळघाटात या अंतराचा अर्थ आणखी कठोर होतो. १९७४ मध्ये तेथे राज्यातला पहिला व्याघ्र प्रकल्प झाला. २००० नंतरच्या वर्षांत बोरी, कोहा, कुंड यांसारखी कोरकूंची गावे गाभ्यातून उठवून बाहेर वसवली गेली. वाघासाठी मोकळी जागा लागते, हे आम्हांलाही पटते. पुनर्वसनाने शाळा-दवाखाना जवळ आला असे सांगणारी माणसेही तेथे आहेत. पण सिपना नदीच्या वळणावरचा कोलकासचा बंगला आपल्या जागी राहिला, आणि गावांच्या फक्त जागा राहिल्या, हे चित्र साहित्याच्या शिक्षकाने पाहू नये तर कोणी पाहावे? उलट दिशेचे उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०११ मध्ये आपल्या बांबूच्या वाहतुकीचा परवाना स्वतः देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. नाक्यावर अडवण्याची जी सत्ता त्या कौलारू घराने दीड शतक सांभाळली, तिचा एक तुकडा असा गावाच्या हाती गेला. यावर मराठीत अहवाल पुष्कळ आहेत. ललित गद्य जवळजवळ नाही.

आणि खुद्द त्या घरात आज कोण राहते? व्हरांड्यावरून लिहिणाऱ्या पिढीच्या डोळ्यांपुढचा रेंजर पुरुष होता. आज परिक्षेत्र अधिकारी, वनपाल, वनरक्षक म्हणून मोठ्या संख्येने स्त्रिया आहेत. २५ मार्च २०२१ रोजी मेळघाटातल्या हरिसाल येथे परिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी आपल्या सरकारी निवासस्थानी जीवन संपवले. नोकरीतल्या छळाची तक्रार करणारी पत्रे त्यांनी मागे ठेवली होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात ताडोब्यात व्याघ्रगणनेच्या पूर्वतयारीसाठी पायी निघालेल्या वनरक्षक स्वाती ढुमणे वाघिणीच्या हल्ल्यात मरण पावल्या. दोन्ही बातम्या आम्ही वर्गात वाचल्या. अरण्यवाङ्मयाच्या घटकाला जोडून त्या वाचाव्यात का, यावर आमच्या दोघांतच मतभेद झाला. एकाचे म्हणणे, साहित्याच्या तासाला बातमी नको. दुसऱ्याचे म्हणणे, जी पत्रे एका स्त्री-रेंजरने लिहिली, ती या घरात बसून लिहिलेले गद्यच आहे. तो वाद अजून मिटलेला नाही, आणि मिटावा अशी घाईही नाही.

हा विषय आमच्यासाठी निव्वळ वाङ्मयीन राहिलेला नाही, याला आणखी एक कारण आहे. परभणीत जंगल नसले तरी वनरक्षक भरती आहे. आमच्या एम.ए.च्या वर्गातली काही मुले-मुली पहाटे मैदानावर धावतात आणि दहाला तासाला येतात. मुलांना पाच किलोमीटर, मुलींना तीन. आणि निवड झाल्यावर चार तासांत मुलांनी पंचवीस आणि मुलींनी सोळा किलोमीटर चालून दाखवायचे. जिंतूरकडच्या तांड्यावरची, आंध वस्तीतली, कोरडवाहू शेतकऱ्यांच्या घरची ही मुले. चितमपल्लींनी ज्या खात्यात नोकरी केली, त्यातच ती सर्वांत खालच्या पायरीवरून शिरतात. मराठी अरण्यलेखनात ज्यांचे नाव फार तर 'गार्ड' एवढेच येते, ती जागा त्यांची.

आमची एक माजी विद्यार्थिनी अशीच निवडली जाऊन पूर्व विदर्भातल्या एका बीटवर रुजू झाली. दिवाळीत भेटायला आली तेव्हा आम्ही तिला हौसेने विचारले, तुझ्या क्वार्टरला व्हरांडा आहे का? ती म्हणाली, "आहे ना सर. पण बसायला कुठं होतंय? उन्हाळ्यात आग, पावसाळ्यात रोपं, हिवाळ्यात साहेब." मग तिने पक्ष्यांविषयी काही सांगितले नाही, सांगितले ते जुन्या इमारतीच्या कौलांतून गळणाऱ्या पाण्याविषयी, रात्री गस्तीला सोबत येणाऱ्या वनमजुराविषयी, मोळी घेऊन चाललेल्या बायांना हटकताना आपली आजी आठवते त्याविषयी. ही शेवटची गोष्ट तिने पटकन सांगून विषय बदलला. वाचायला काय नेशील म्हटल्यावर तिने 'रानवाटा' नेले.

लिहीत जा, असे आम्ही तिला म्हणालो नाही. शिक्षकाने असे म्हटले की माणूस निबंध लिहू लागतो. तिच्या बीटमधल्या नाल्यांची, टेकड्यांची, पाणवठ्यांची तेथली माणसे घेतात ती नावे, नकाशावरची सरकारी नावे सोडून, जमतील तशी लिहून पाठव, एवढेच सांगितले. गेल्या महिन्यात टपालाने वहीची सहा पाने आली. पेन्सिलीने लिहिलेली, एकेका नावापुढे कोणी सांगितले तेही टिपलेले. पुष्कळ ठिकाणी सांगणारी बाईच आहे. दोन-तीन गोंडी नावांतला एक उच्चार देवनागरीत नेमका कसा बसवायचा, हे तिला उमगलेले नाही, म्हणून तिने तेथे प्रश्नचिन्ह करून समासात आम्हांलाच विचारले आहे. आम्हांला गोंडी येत नाही. नांदेड जिल्ह्यात किनवटकडच्या शाळेत शिकवणारे आमचे एक मित्र गोंडी जाणतात. पाने आता त्यांच्याकडे गेली आहेत.